टिंबाची सायकल

वूच म्हणायचं त्या गावाला.
लिहिताना मात्र एल काढतात आणि त्याच्या अंगावर
चुकलेल्या आकड्यावर मारावी तशी तिरकी रेघ.
मी तिथं टॉवेल विकायला गेलो होतो,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले, जाड विणीचे,
नमुन्यांच्या दोन बॅगा, आणि शेंगाचटणीचा पुडा
जो कस्टमच्या बाईनं दोनदा हुंगून परत दिला.

सौदा झाला नाही.
चारलाच अंधार पडला, म्हणून ट्रॅमच्या रुळांकडेनं
चालत राहिलो उगाच.
एका बंद गिरणीच्या पोटात, जिथं आधी पिंजणखातं असणार
(छताच्या लोखंडी कड्या ओळखल्या मी, आमच्याकडं तशाच),
सायकलींचं दुकान.
भिंतीवर एकच टांगलेली, शेवाळी हिरवी,
उडी मारण्याआधी दबा धरावा तसं
पुढचं चाक थोडं पुढं.
नळीवर चार अक्षरं.
पहिल्या झेडच्या डोक्यावर एक टिंब.

मी सायकलींची नावं पाठ असलेला माणूस,
अमेरिकन, तैवानी, पुण्याच्या पोरांच्या टी-शर्टवरची सगळी.
हे नाव कधी कानावर आलं नव्हतं.
रानमांजर, तोमाश म्हणाला, दुकानदार.
वर्षाला दोनशे बनतात, दक्षिणेच्या डोंगरात, एका शेडमध्ये.
शेजारच्या देशातही कुणाला ठाऊक नाही.
हे सांगताना त्याला वाईट वाटत नव्हतं.
गावाबाहेरच्या गोड पाण्याच्या विहिरीबद्दल
बोलतात ना, आवाज जरा खाली आणून,
तसा बोलत होता.

टॉवेल त्यालाच वाटून टाकले, दोन तेवढे ठेवले,
आणि त्या वजनात सायकल आणली, सुटी करून.
बायको म्हणाली, डोंगर कुठाय सोलापुरात?
याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं.
आताही नाही.

कन्ना चौकात मल्लेशम इराबत्ती.
आधी मागावर, मग मागांचे फिटर,
माग भंगारात गेल्यावर पंक्चर.
चष्मा कपाळावर चढवून नळीवर बोट फिरवलं.
"झंबिक."
म्हटलं, काका, झ्बिक. झ अर्धा.
"मग टिंब कशाला दिलंय बे त्यानं?
अनुस्वार हाय तो. झंबिक."
मी वाद घातला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरातही झंबिक.

तिसऱ्या रविवारी हिप्परग्याच्या तलावाच्या बांधावर,
शेळ्यांच्या वाटेनं उतरताना, मागच्या गिअरचा कान तुटला.
बोटाएवढा तुकडा. सोलापुरात मिळेना,
पुण्यात नाव ऐकून फोन ठेवला.
मल्लेशमकाकांनी माळ्यावरून जुन्या मागाची पट्टी काढली
आणि भर एप्रिलात, त्रेचाळीस डिग्रीत,
माझा न खपलेला टॉवेल ओला करून डोक्यावर घेऊन
दुपारभर कानस चालवली.
त्या आवाजात बोलता येत नव्हतं.
मी नुसता बसून राहिलो, गोळी सोडा घेऊन.

फोटो पाठवला तोमाशला.
त्याचं उत्तर आलं: आमच्यापेक्षा जाड आहे. कोणत्या कारखान्याचा?
काकांना वाचून दाखवलं.
"तिथं माग हायत का अजून?" एवढंच विचारलं त्यांनी.
म्हटलं, नाहीत. धुराडं ठेवलंय, खाली कॉफी विकतात.
"धुराडं ठेवलंय का," म्हणाले,
आणि बराच वेळ हात पुसत बसले.

मग पायजम्याला सुतळी बांधून निघाले.
रेल्वेचा पूल चढून पलीकडं, तासभर पत्ता नाही.
परत आले ते घामानं निथळत, तोंडभर हसू.
"चढ कळलाच न्हाई की रे. पण बूड दुखतंय. सीट बदल."

गेल्या आठवड्यात त्यांनी पत्र्याचा बोर्ड नव्यानं रंगवून घेतला.
येथे सर्व कंपन्यांच्या सायकली दुरुस्त होतील.
खाली नावं, लाल रंगात, सात-आठ,
आणि सगळ्यांत शेवटी झंबिक.

असली सायकल जिल्ह्यात एकच आहे, माझी,
आणि त्या कानाचं काम
आता दहा वर्षं तरी निघणार नाही.