सातव्या खाटेवरून एक दुरुस्ती

समोरच्या भिंतीवर निळा पत्रा आहे,
त्यावर पांढऱ्या अक्षरांत: रुग्णांचे हक्क.
पहिल्याच दिवशी, उशीला पाठ टेकायच्या आधी
मी तो वाचून काढला. सवय जात नाही.
नारायण पेठेतल्या छापखान्यात एकतीस वर्षं
शिशाचे खिळे जुळवले मी,
लग्नपत्रिका, पंचांगाची पानं, सोसायट्यांचे अहवाल.
एकदा आमदाराच्या नावातला काना गळला
तर आठवड्याचा पगारही गळला.

तिसऱ्या ओळीत चूक होती.
'प्रत्येक रुग्णास वेदनायुक्त जीवनाचा हक्क आहे.'
म-च्या जागी य.
एवढंच.
मी हसलो तर बरगडीखाली कळ आली,
म्हणजे पत्रा अगदीच खोटं बोलत नव्हता.

श्रीरंगनं डॉक्टरांना दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं,
'बाबांना कळू देऊ नका, ते खचतील.'
पोराला कुठं ठाऊक, कंपोझिटर उलटंच वाचतो.
टेबलापलीकडे फाईल उघडी होती,
इंग्रजी असली म्हणून काय झालं,
इंग्रजी केसवरही दोन वर्षं काढली होती.
डॉक्टर पथ्याचं बोलत होते.
मी मान डोलावत होतो
आणि आठवड्यांचा आकडा वाचत होतो.

मग कितीतरी दिवस आम्ही बापलेक
एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसलो.
तो मोसंबी सोलायचा.
मी फोडी मोजायचो.

शेवटी सिस्टर सुवार्ता साळवेंना विचारलं,
रात्री, त्या अंथरूण सारखं करत होत्या तेव्हा.
त्या हातातलं टाकून बसल्या.
दाराकडे पाहिलं नाही.
'काका, तुम्हाला किती ऐकायचंय?'
असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.
सगळं, म्हटलं,
शीर्षकापासून मुद्रकाच्या नावापर्यंत.
त्यांनी सांगितलं. मध्ये एकदा पाणी दिलं.
मला त्या रात्री झोप लागली.

आठव्या खाटेवरच्या अब्बासभाईंना
काहीएक ऐकायचं नव्हतं.
रास्ता पेठेत जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस.
'भिंतीवरचं तेवढं बंद करा,' एवढंच मागणं.
सिस्टरांनी सेल काढून खिशात टाकला.
सव्वातीनला थांबलेलं ते घड्याळ
अब्बासभाई गेले तरी कुणी चालू केलेलं नाही.
पत्र्यावर ह्याबद्दल ओळ नाही.

नळीबद्दलही नाही.
श्रीरंग म्हणाला, मोठ्या हॉस्पिटलात नेऊ,
नाकातून घालतील, ताकद येईल.
मी म्हटलं, नको.
'लोक काय म्हणतील?'
अरे, पुण्यात लोक काय म्हणतील ते
आधीच पाटीवर लिहून दाराला टांगलेलं असतं.
कागद आण.
सही वाकडी आली, पण माझी आली.
तो रडला. मग बशीत चहा ओतला,
दोन घोट आत गेले, तिसरा हनुवटीवरून ओघळला,
तो त्यानं स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं पुसला.

आज दुपारी सिस्टर स्टुलावर चढल्या,
हातात रंगाची डबी, काडीला गुंडाळलेला कापूस.
मी खाटेवरून सांगत होतो:
वरच्या रेघेपासून एक दांडी खाली घ्या,
तिथं गाठ मारा,
य-ला गाठ बसली की म होतो.
गाठ जरा जाड झाली, ओघळ आला.
छापखान्यात मी हे पास केलं नसतं.

आता संध्याकाळच्या मात्रेची वाट.
आमच्या धंद्यात मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसायची,
इथं जिभेखाली.
खिडकीत धायरीच्या गच्च्या, वाळत टाकलेल्या सतरंज्या,
त्यांच्या पलीकडे सिंहगडावरचा लाल दिवा.

अगदी खालच्या ओळीत
'सन्माना ने' असं तोडून लिहिलंय.
सिस्टरांना दाखवलेलं नाही.
राहू दे.
ह्या खाटेवर पुढं जो येईल
त्याच्या हाताला काहीतरी काम हवं.