दहा सेकंद

वार्दोच्या बंदरात नोव्हेंबर संपत आला
की सूर्य दुकानाची फळी ओढून घेतो,
जानेवारीच्या मध्यापर्यंत उघडत नाही.
मी मात्र पहाटे तीनला भट्टी पेटवते.

भाचीनं, आयरिलनं, फोन हातात दिला.
"मावशी, पावाचा फोटो काढ, सगळ्यांना पाठव.
दहा सेकंदांत तो आपोआप पुसला जातो."
"मग पाठवायचा कशाला?"
"म्हणून तर बघतात," ती म्हणाली,
"कायमची पाटी कोण वाचतं?"

खरंच होतं.
दारावरची निळी पाटी सासऱ्यांनी रंगवलेली.
तिच्यातलं एक अक्षर गळून अकरा वर्षं झाली,
कुठे गेलं, असं एकानंही विचारलं नाही.

पहिल्या फोटोत अर्धा माझा अंगठाच होता.
सतरा जणांनी पाहिला,
चार जण आले, अंगठा बरा आहे ना, विचारायला.
चौघांनीही काहीतरी घेतलंच.

मग आयरिलचे धडे:
सजवू नकोस. पीठ सांडलंय, तर सांडलेलंच दाखव.
सगळं सांगू नकोस.
किती उरलेत ते सांग: वीस, मग बारा, मग पाच.
एकदा मी लिहिलं, 'तीनच उरले',
आणि कपाटात नऊ होते.
जाळी विणणारी गुनवोर आली, काचेतून मोजलं,
काही बोलली नाही. तीनच घेतले
आणि पुढचा आठवडाभर फिरकली नाही.
तेव्हापासून मी मोजून लिहिते.

डिसेंबरात नवी टूम काढली:
आजच्या फोटोत काय होतं ते सांगा,
दालचिनीचा एक पाव फुकट.
चिठ्ठी नाही, शिक्का नाही,
फोटो तर केव्हाच गेलेला;
पुरावा म्हणून डोळ्यात राहिलं असेल तेवढंच.

मासळीच्या कारखान्यातून रिमविदास आला,
बुटांना अजून खवले.
"पिठाची गोणी. वर मांजर."
थर्मिनी शाळेत जाता जाता डोकावली,
"मांजराचा फक्त कान होता, डावा."
तिच्या मागे उभे मास्तर म्हणाले, मांजर नव्हतंच,
ती दुमडलेली टोपी होती.
तिघांनाही दिला.
(टोपी होती. माझीच.)

आणि मग एका संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या,
बाहेर तर सकाळपासून रात्रच,
ओडमुन आला. ऐंशीच्या पुढचा.
त्याच्याकडे फोन आहे तो भिंतीवरचा, तारेचा.
टोपी काढून म्हणाला, "आजचा फोटो मी पाहिला."
आयरिलनं माझ्याकडे पाहिलं.
"काय होतं त्यात?"
तो काचेकडे बघत राहिला,
काचेत आमचेच दिवे होते.
"होडी," तो म्हणाला, "रंग अर्धाच दिलेली.
धक्क्यावर एक बाई.
हात हलवत होती. नाही,
हात डोळ्यांवर धरला होता, उन्हासाठी."

त्या दिवशीचा फोटो खसखशीच्या ताटाचा होता.

भट्टीचा पत्रा थंड होताना टक टक वाजतो,
तो वाजला, बहुतेक दहादा.
"बरोबर," मी म्हटलं,
आणि कागदात गुंडाळला, अजून कोमट होता तो.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.
पैसे मोजून दिले, फोटोचं नावही काढलं नाही.

महिनाअखेरीस आयरिल हिशेबाला बसली.
पाहिलं चारशे बारांनी, आले शहाण्णव,
फुकट गेले एकतीस.
"बत्तीस," मी म्हटलं.
तिनं पुन्हा मोजलं, बोटानं पडदा वरखाली केला.
"एकतिसांचाच मेळ लागतो, मावशी.
बत्तिसाव्यानं कुठला फोटो पाहिला?"

मी परातीला चिकटलेलं पीठ नखानं खरवडत होते.
"पुसला गेला," मी म्हटलं.