तांदळातलं नाव

लोडायला, रेल्वे रुळांच्या पलीकडे,
पत्र्याच्या एका जुन्या गोदामात मी वाइन ओतते.
गुरुवार ते रविवार, अकरा ते पाच.
छातीवर बिल्ला : ॲपी.

आज दोनच पेले मांडलेत.
डावीकडे झिन्फंडेल, उजवीकडे प्रिमिटिव्हो.
समोर मिस्टर हॅल्व्हर्सन, निवृत्त सर्व्हेअर,
बायको गेल्यापासून दर शुक्रवारी येतात,
चष्मा कपाळावर चढवून विचारतात,
दोघींत फरक काय?

मी पाठ केलेलं म्हणून दाखवते.
की वेल एकच.
क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून कुणीतरी
काडी ओल्या फडक्यात गुंडाळून नेली असेल.
एक इटलीच्या टाचेवर रुजली,
दुसरी हिंडत हिंडत या वाळूत आली,
आणि दोघींना एकमेकींची ओळख राहिली नाही.
पुढे डेव्हिसच्या प्रयोगशाळेत
पानं कुटली, रेघा जुळवल्या. एकच निघाल्या.
सरकारी यादीत अजून दोन आहेत.

ते मान हलवतात. बरं, पण चव?

चव.
डावीचा घोट म्हणजे उन्हात तापलेली करवंदं,
मागून मिरी,
आणि पार शेवटी, गिळून झाल्यावर,
कढईच्या काठाला लागलेला गूळ.
उजवी घाईची. आधी पिकते,
घड सुटासुटा, मणी बारके,
तिच्यात जांभळाची तुरटी, जीभ धरून ठेवणारी,
आणि नांगरून ठेवलेल्या कोरड्या रानाचा वास.
हे त्यांना सांगताना
करवंदाचं ब्लॅकबेरी होतं.
जांभळाला तर मी हातच लावत नाही.

तासगावला आमच्या शेडवर जाळीवर बेदाणा वाळायचा.
तिथे मी छबू होते.
लग्नात ताटात तांदूळ पसरले
आणि यांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात लिहिलं : अपर्णा.
अंगठी माझ्याच वडलांनी केलेली.
भटजी म्हणाले, वाचा. सगळ्यांनी वाचलं.
मग सासूबाईंनी ताट हलवून तांदूळ सारखे केले.
दुसऱ्या दिवशी त्याचाच भात लागला की काय,
कळलं नाही.
मी जेवले पोटभर.

एवढं हौसेनं ठेवलेलं नाव.
पुढची सव्वीस वर्षं यांनी हाक मारली ती,
अगं, ऐकलंस का.

अपर्णा पासपोर्टवर आहे, विजेच्या बिलावर आहे,
दातांच्या डॉक्टरकडे आहे.
छबू फक्त फोनमध्ये उरली,
तीही भावाची रेंज असेल तर.
छबे, जेवलीस का, तो विचारतो
माझ्या रात्री साडेअकराला.

ऑगस्टअखेर ग्लेन रायख, आमचे मालक,
जुन्या रांगेत उभे राहून झिन्फंडेलला शिव्या देतात.
एकाच घडात हिरवे मणी, पिकलेले मणी,
आणि सुकून बेदाणा झालेले.
हिरव्यांसाठी थांबावं तर बाकीचे जातात.
तोडावं तर आंबट.
त्यांची पाठ वळली की
मी बेदाणा तेवढा काढून तोंडात टाकते.
अजून एकदाही कुणी बघितलं नाही.

मिस्टर हॅल्व्हर्सननी पेले उजेडाकडे धरून फिरवले,
खाली ठेवले, परत उचलले, हुंगले,
बायकोला काहीतरी झिन् म्हणून आवडायचं म्हणाले,
आणि आता पेले कसे ठेवले होते
ते त्यांनाही आठवेना.
यातली आधीची कुठली?
मुळातली, खरी?

मी दोन्हींवर नाक नेलं.
त्यांच्या हाताच्या मलमाचा वास तेवढा आला.
मग उजवीकडच्या पेल्यावर बोट ठेवलं,
ठाम,
जसं वीस वर्षं हेच करतेय.

त्यांनी ती बाटली घेतली.
पावतीवर सही मी केली.
कुठल्या नावानं, ते बघायला
मला चष्मा लावावा लागला.