बलगडे पाऊण इंच

अप्पांची मापं माझ्या वहीत
दोन रकान्यांत आहेत.
बाकीच्यांची एका ओळीत मावतात:
छाती, उंची, तिरा, बाही, गळा, संपलं.

निपाणीच्या वखारीत एकतीस वर्षं
तंबाखूचे बोद उजव्या खांद्यावर घेऊन
अप्पा फळीवरून ट्रकात चढले,
आणि खांदा एकदा खाली गेला तो
मुकादमानं हिशेब दिल्यावरही वर आला नाही.

दुकानातली अंगी त्यांच्यावर
खुंटीला अडकवल्यासारखी राही.
कॉलर एकीकडं, गुंड्यांची पट्टी
पोटावर वाकडी.
"खरं माणूस सरळ हाय," आई म्हणायची,
आणि हसायची नाही.

शिवण मी निंगव्वाकडं शिकले.
बसस्टँडामागं तिची खोली, पायमशीन,
दारात चिंध्यांवर झोपलेलं मांजर.
तिला मराठी येई ती गिऱ्हाइकापुरती,
मला कन्नड येई ते बसच्या पाटीपुरतं.
खरं मशीनवर बसलं की
फार शब्द लागत नाहीत.
अंगी तिचीही अंगीच, गुंडीही तीच.
सुईला ती सूजी म्हणे, कात्रीला कत्तरी,
आणि टीप चुकली की दोघी
एकाच आवाजात च्च करायचो.

अप्पांचं माप पहिल्यांदा तिनंच घेतलं.
फीत लावली, काढली, पुन्हा लावली.
"बलगडे पाऊण इंच," म्हणाली,
आणि माझ्या वहीत उभी रेघ मारून
वर लिहिलं: एड. बल.
कन्नड अक्षरं, मी लावून लावून वाचली.
एड म्हणजे डावा, बल म्हणजे उजवा.
अप्पा म्हणाले, "ह्या पडक्या खांद्याला बल म्हणतीस?
आणि धड हाय तो येडा?"
निंगव्वाला काही कळलं नाही.
टाचण्या ओठांत धरून ती हसली,
तशीच, न सांडता.

पहिली अंगी मी लबाडीनं शिवली.
इचलकरंजीचा कटपीस, बारीक निळी चौकट.
तिऱ्याच्या आत, उजवीकडं,
कापसाची गादी घातली बोटभर जाड.
आरशात अप्पा एकदम सरळ.
चौकटीची रेघ या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत
हंड्यातल्या पाण्यासारखी.
संकेश्वरला भाचीच्या साखरपुड्याला घालून गेले.
लोक म्हणाले, तब्येत सुधारली की!
ते दिवसभर मान न हलवता बसले,
कुणाची तरी अंगी मागून आणल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यात
नव्या वाती होत्या, जाडजूड, आडव्यातिडव्या.
अंगी दोरीवर.
उजव्या खांद्याची शिवण ब्लेडनं उसवलेली,
कापडाचा एक धागा तुटू न देता.
मी विचारलं नाही.
अप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली,
म्हणाले, "कापूस चांगला होता गे."

चौकटीचं कापड मी परत आणलं नाही.
चौकट कुणाचं ऐकत नाही.
आता साधं राखाडी, नाहीतर मातकट.
उजवा मुंढा पाऊण इंच उतरवते,
तिकडचा घेर तेवढाच वर घेते,
बुकरम भिजवून कॉलर
जरा फिरवून बसवते. काजं हातानंच.
खिसा डावीकडं, खोल,
चष्मा वाकला तरी पडणार नाही असा.

हँगरला लावली की ही अंगी तिरकी दिसते.
बघणाऱ्याला वाटतं, शिवणारी नवशिकी असेल.
वाटू दे.
अप्पांच्या अंगावर गेली
की रस्त्यात कुणी वळूनसुद्धा बघत नाही.
मला एवढंच पाहिजे होतं.

धाकटा भाऊ एकदा घाईत तीच घालून निघाला,
कोपऱ्यावरून परत आला.
"कायतर हाय हिच्यात," म्हणाला,
"उजवीकडं वझं दिल्यागत वाटतंय."
काढली, घडी न करता खाटेवर टाकली.

परवा पुन्हा माप घेतलं.
बलगडे एक इंच.
पाऊण खोडलं नाही,
पुढं लिहिलं.