हिरडीच्या रंगाचा हत्ती

कपाटाच्या दाराला आतून, जिथं फक्त मला दिसेल,
खडूनं लिहिलंय: दोन हजार.
खाली बारीक अक्षरात: पुढच्या सफरचंदांच्या आधी.
आज माझं रेटिंग चौदाशे बारा,
वय एकेचाळीस, नोकरी दातांच्या प्रयोगशाळेत,
ग्युमरीला, जिथं थंडी एप्रिल उजाडला
तरी काढता पाय घेत नाही.

गार्निक म्हणाला, सोळाशे लिही, झेपेल असं.
मी म्हटलं, अर्ध्या उंचीचा दात
कुणी मागायला येतं का रे?
तो हसला, आणि न सांगता ताटं विसळायला घेतली.
हेही काही कमी नाही.

बेत असा होता: पहाटे पाच ते सात डावाचे शेवट,
रात्री कोडी, रविवारी एक अख्खा डाव.
सोमवारी पाचला उठले.
मंगळवारी बॉयलर फुटला.
बुधवारी चौदा दाढांची ऑर्डर, शुक्रवारी सकाळी हवी.
मग सासूबाईंचा गुडघा.
शनिवारी उंट हातात धरून बसल्या बसल्या डोळा लागला;
गालावर त्याच्या टोकाचा वळ,
दिवसभर जो तो विचारी, काय चावलं?

तेव्हापासून वेळ चोरते.
प्लास्टर घट्ट व्हायला अकरा मिनिटं: एक कोडं.
भट्टी तापायला वीस: दोन, किंवा एक अवघड.
मेण वितळत असतं, मी डोळे मिटून
घोड्याला अडीच घरं चालवते,
पांढऱ्यावरून काळ्यावर, काळ्यावरून पांढऱ्यावर,
आणि शेजारची नुनुफार ओरडते, शोघेर, मेण!
दोनदा करपलं.
एकदा पगारातून गेलं.

मे महिन्यात वनाद्झोरला स्पर्धा.
मिनीबसमध्ये उभ्यानं गेले.
समोर बसली अस्तघिक, वय वर्षं नऊ,
मोज्यांवर बदकं, पाय जमिनीला टेकत नाहीत,
पुढचे दोन दात पडलेले.
अठरा वर्षं मी फटी बुजवते आहे,
पण अशा फटीची भीती कधी वाटली नव्हती.
त्रेपन्नाव्या चालीला मी हात पुढं केला.
ती हळूच म्हणाली, मावशी, हत्ती मागं न्यायचा होता,
तुमच्याच प्याद्याच्या मागं.
पुढं उभा राहून तो त्याचीच वाट अडवतो.
दाखवलं. मी म्हटलं, परत दाखव.
तिची आई डबा उघडून थांबलेली,
तरी तिनं परत दाखवलं.

पट बाबांचा.
भूकंपानंतर ढिगाऱ्यातून त्यांनी एकतीस मोहरे वेचले.
बत्तिसावा, पांढरा हत्ती, अजून तिथंच कुठंतरी.
त्याच्या जागी इतकी वर्षं बाटलीचं बूच.
त्या रात्री परतल्यावर मी हत्ती ओतला
उरलेल्या अ‍ॅक्रिलिकचा, कवळीच्या हिरडीच्या,
तेवढंच होतं शिल्लक.
माथ्यावर दाते कोरले.
ते मला येतं.

सतरा गुण गेले. तेराशे पंच्याण्णव.
कपाट उघडलं, म्हटलं निदान तारीख तरी पुसू.
कोटांच्या बाह्यांनी घासून घासून
ती केव्हाच पुसली होती.
दोन हजार वरच्या अंगाला, तिथं कोट पोचत नाहीत.
दार लावलं.

आता भट्टी तापतेय.
खोक्याच्या झाकणावर आठ आठाचे चौकोन आखलेत.
नापास झालेल्या दोन दाढा, त्या राजे.
मेणाचं एक प्यादं.
काळा हत्ती म्हणून एक जळका स्क्रू.
एप्रनच्या खिशातून गुलाबी हत्ती काढते,
नेते मागं, पार मागं,
आणि प्यादं एक घर सरकतं.
अजून तीन.
नुनुफार, जरा मेणाकडे बघशील?