उगवणशक्ती

कपाशीचं बी मुळात काळपट.
आमच्याकडे येईतो गुलाबी झालेलं असतं,
लग्नातल्या अक्षतांसारखं.
गुलाबी म्हणजे विष लावलंय, तोंडात घालू नका,
एवढाच त्या रंगाचा अर्थ.
पाकिटावर तो कितीतरी भाषांत छापलाय.
आमच्या टेबलावर एकाही नाही.

जालना, एमआयडीसी.
मी प्लांटमध्ये नाही, ऑफिसात आहे.
हा फरक गट्टाणी सरांनी मला दोनदा समजावला.
मास्क प्लांटला. गूळ प्लांटला.
ऑफिसला एसी.
एसीचं तोंड गोदामाकडे आहे, ते सोडा.

माझं काम मोजायचं.
ओल्या कागदात गुंडाळलेल्या शंभर बियांतल्या
किती उगवल्या, किती कुजल्या,
आणि आकडा कॉम्प्युटरात टाकायचा.

आधी मनगटं. मग मान.
मग एका मंगळवारी डोळे असे सुजले
की गेटवरचा वॉचमन हळूच म्हणाला,
"मॅडम, घरी काही झालं का?"

डॉक्टर विचारत गेले:
शेंगदाणे? नवा साबण? कोळंबी?
कोळंबी, जालन्यात!
मी नाक शिंकरलेला रुमाल उघडून दाखवला.
गुलाबी.
त्यांनी रात्रीची एक गोळी लिहून दिली
आणि खाली, "संपर्क टाळावा".
पगाराशी का, ते लिहिलं नव्हतं.

वाजेदभाई एकवीस वर्षं सॅम्पलच्या थैल्या उचलतात.
पुरळ नाही, खाज नाही.
"तुमची कातडी चुगलखोर हाय, बाई," ते म्हणाले,
"लगेच सांगून टाकते.
माझी गप बसते. कुठं साठवते, अल्लाला माहीत."

अर्ज केला.
कारणाच्या रकान्यात कुणीतरी
माझं अक्षर खोडून "उष्णतेमुळे" केलं.
मे महिना होता, खोटं तरी कसं म्हणणार.

मला वर हलवलं. पावत्या, व्हाउचर, एक खिडकी.
पंधरा दिवसांत मनगटं नितळ.
बांगड्या परत चढल्या.

खाली माझ्या खुर्चीवर प्रांजली आली,
घनसावंगीची, बीएस्सी, पहिलाच पगार.
तिला चार्ज दिला: पासवर्ड, चिमटा, भिंग,
कोंब फुटला असं नेमकं कधी धरायचं ते.
एसीचं सांगायचं राहिलं.
राहिलं म्हणजे,
गट्टाणी सर शेजारीच उभे होते.

जिना उघडा आहे, आवाज वर येतो.
सोमवारी एक शिंक.
मंगळवारी सलग चार.
मी व्हाउचर बाजूला सारते.
मोजायची सवय गेली नाही अजून.