हो तो न्हय

बाटलीवरच्या चिठ्ठीत नाव एकच.
काणकोणातले बोटभर लांबीचे चौदा मासे
साठ वर्षं त्या नावाखाली
एकमेकांवर रेलून पडलेले, पिवळट.

मी मोजते.
पार्श्वरेषेवर खवले बावीस, तेवीस, पुन्हा बावीस.
ओठाच्या कोपऱ्यात मिशी आहे की मोडली,
भिंगाखाली टाचणीने चाचपते.
फॉर्मलीनने रूप राखलं, वाचा नेली:
जनुकांना विचारावं तर त्या मांसात
सलग चार अक्षरं निघत नाहीत.

म्हणून खोतीगाव. कार्तिक, पाणी नितळ.
शाबी वेळीप गुडघाभर ओहोळात,
कमरेला ओली चुंबळ.
डोंगराअलीकडचा एक, पलीकडचा एक
तिच्या तळहातावर शेजारी शेजारी.
मी पट्टी लावण्याआधीच म्हणाली,
"हो तो न्हय."
कशावरून?
"हाताक लागतकच कळटा."
शिवाय एकाला तिरफळ लागतं,
दुसरा नुसत्या मिठावर भागतो.
हे मी लिहिलं नाही. वहीत तसा रकाना नव्हता.

पराचा तांदळाएवढा तुकडा, स्पिरिट, कुपी.
पाच आठवड्यांनी उत्तर आलं:
सहाशे पंचावन्न अक्षरांची ओळ,
तीत एकेचाळीस जागी दोघांचं पटत नाही.
शाबी जो डोंगर पान चघळत ओलांडते
त्याने यांची गाठ
माणसाला नाव ठेवायची सवय लागण्याआधीपासून
पडू दिलेली नाही.

मग पुन्हा भिंग. आणि आता दिसतं:
पलीकडच्याचा खालचा ओठ जाड,
मधोमध दुमडलेला, रुसल्यासारखा.
काल नव्हता असं थोडंच आहे.

सांगायला गेले तर शाबीने
आधी भाव वेगळा मिळेल का ते विचारलं.
मग कोयता धुता धुता,
"आनी बाटलींतलो खंयचो गो?"

परतून झाकण उघडलं. वासाने डोळे भरले.
एकेकाचा ओठ टाचणीने उलटून पाहिला.
अकरा साधे.
तीन रुसलेले.

त्या तिघांना नवी बाटली दिली.
चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहायची, शाई स्पिरिटात उतरते.
तालुका लिहिला. ओहोळ माहीत नाही असं लिहिलं.
पकडणाऱ्याच्या जागी जुनंच अक्षर उतरवलं,
कुणाचं ते वाचता येत नाही.
नावाच्या जागी एक रेघ,
आणि पेन्सिलीला टोक काढून
बाटलीशेजारीच ठेवली आहे.